निळ्या निशाणाचे दिवस

५ जानेवारी

खेळणं? पुन्हा म्हण बघू. समोर उभं राहून म्हणायची हिंमत नाही म्हणून पत्रात लिहितोस. छावणीत तुमचे फोन काढून घेतले तेच बरं झालं, नाहीतर आत्ता तुझ्या कानाचे पडदे फाटले असते.

"लग्नात फोटो काढणारं खेळणं" म्हणे. आणि वर, "ताई टेकडीवर खुर्ची टाकून बसते आणि आमची मरणं मोजते." हो, मोजते. कोणीतरी मोजायला नको? तुम्ही बोटीतून किनाऱ्यावर उतरता, पुढे खोटा शत्रू दडलेला असतो, त्याच्या बंदुकीचा उजेड तुमच्या जाकिटावर पडला की जाकीट पीं करतं आणि तुम्ही बसून घेता. मेलात. जाकीट गप्प ठेवून जो दगडी भिंतीला टेकला, तो वाचला. एका बोटीत तीस जण, त्यातले भिंतीला किती टेकले, एवढंच माझं काम. काही दिवस डोक्यावर ड्रोन असतो, काही दिवस नसतो. ड्रोन तुमच्या आधी पुढे जातो, बंदुका कुठे आहेत ते बघतो, हवालदाराच्या कानात सांगतो, आणि तुम्ही त्या बाजूने न जाता दुसरीकडून जाता. या दोन प्रकारच्या दिवसांत फरक किती, तीच त्या खेळण्याची किंमत.

आणि हे कोणी हौसेने नाही करत. वरून सरळ प्रश्न आलाय. तुमच्या मागे उभ्या राहून किनारा भाजून काढणाऱ्या ज्या तोफांच्या बोटी आहेत, त्या ड्रोन असताना लागतात का? बोटी कमी आणि मागणारे फार. मोठे साहेब म्हणाले, मोघम निकाल आणलात तर आपला विभाग गुंडाळतील. विभाग गेला की हे क्वार्टर गेलं. तळमजल्यावरचं दुसरं घर कुठून आणू? आईला दोन पायऱ्या चढल्या तरी भिंत धरावी लागते.

ड्रोनचे पहिले दोन दिवस झाले. फारसं काही दिसलं नाही. पण साहेब म्हणतात पोरांना सवय नाही, ते सरावाचे धरा, मोजू नका. मलाही ते पटलं.

माझी पत्रं कार्यालयाच्या थैलीतून येतात, ती तुमच्याकडे कोणी उघडत नाही. तेव्हा मोकळेपणाने सांगते, तू गाढव आहेस.

आई म्हणते, पाण्यातून आलास की पाय कोरडे पुसत जा.

ताई

—

१४ जानेवारी

मोजपट्टीबाई,

(आणि माझी पत्रं उघडून वाचणारे तपासणीवाले साहेब, तुम्हालाही नमस्कार. मागच्या वेळी माझ्या अक्षराखाली तुम्ही लाल रेघ मारलीत. अक्षर ताईने शिकवलंय, तक्रार तिच्याकडे.)

बरं बाई, खेळणं नाही. पण एकदा बोटीत येऊन बघ. पुढचं दार पाण्यात आपटतं, हवालदार बोंबलतो, आणि आपण छातीभर पाण्यात. पाठीवर बॅग. बॅगेत दारूगोळा नसतो, तेवढ्याच वजनाची वाळू असते. पण वाळूला थोडंच माहीत की आपलं सगळं खोटं चाललंय! पाय टाकला की घोट्याच्या वर आत. उपसला की बूट आतच राहू बघतो. तेवढ्यात हवालदार, "डावीकडे बंदूक आहे, उजवीकडून चला!" अगं, चला काय? डोकं कधीच उजवीकडे गेलेलं असतं, बाकीचा मी मागे अडकलेला असतो. मग पीं. मग शिट्टी होईपर्यंत ओल्या वाळूत मेल्यासारखं बसून राहायचं.

काल माझ्या शेजारी न्हावी मेला. खराखुरा न्हावी, आम्हा सगळ्यांची डोकी तोच भादरतो. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून त्याची जागा मागच्या राखीव बोटीत आहे, काल आमच्यात एक माणूस कमी होता म्हणून आला. मला म्हणतो, "एवढा वेळ मेलेलोच आहोत तर मान साफ करून देऊ का?" आणि खिशातून कात्री काढली! मी हसून हसून आडवा. मेलेल्यांनी हसायचं नसतं म्हणून हवालदाराने दोघांचा उद्धार केला.

क्वार्टरचं वाचलं. टेकडीवर निळं निशाण लागलं की ड्रोनचा दिवस, हे आता इथे सगळ्यांना कळलंय. आणि वर छत्री घेऊन बसलेली ती माझी ताई, हेही मी पोरांना सांगितलंय. पुढचं आमच्यावर सोड. तुझा निकाल काचेसारखा स्वच्छ लागेल. आईला सांग, जिना चढावा लागणार नाही.

पाय पुसतो. रोज.

बगळ्या

—

९ फेब्रुवारी

आता बोल. का दातखीळ बसली?

ड्रोन नसताना तिसांतले अकरा. निळ्या निशाणाच्या दिवशी तिसांतले बावीस. दुप्पट, बगळ्या, दुप्पट! मी बेरीज परत परत केली. मग शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाला करायला लावली, कारण त्याला माझी चूक काढायला फार आवडतं. नाही काढता आली. तोंड एवढंसं झालं त्याचं.

अहवाल गेला. शेवटचं वाक्य माझं आहे: "ड्रोन सोबत असताना तोफांच्या बोटींची गरज उरत नाही." मोठ्या साहेबांनी ते उभं राहून दोनदा वाचलं. "उरत नाही" म्हणताना आवाज असा, जसा काही दुखरा दात पडला. विभाग राहिला. क्वार्टर राहिलं.

आणि काय धावलात रे तुम्ही! मी दुर्बीण लावून बघत होते. तो आडवा खंदक तू नुसता उडून पार केलास. आईला सांगितलं तर म्हणते, "हाच का तो? दुकानातून मीठ आणायला पाठवला की शेजारच्यांकडून उसनं आणून स्वयंपाक व्हायचा, तरी हा वाटेतच."

कबूल कर. लेखी पाहिजे मला.

ताई

—

२० फेब्रुवारी

ताई,

कबूल. खेळणं जिंकलं, मोजपट्टी जिंकली.

काल █████ █████ निघून गेल्या. आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो. जेवण अर्ध्यावर असताना पाहुणे उठून जातात ना, तसं वाटलं. न्हावी म्हणाला, "आता आपण आणि वरचं ते चिलट."

काय गेलं त्यावर तपासणीवाले काळी शाई फासतीलच. तरी तुला कळेलच. तूच पाठवलंस.

रागावून नाही लिहिलं. पुन्हा वाचलं तर तसं वाटतंय. नाही रागावलो.

बगळ्या

—

४ मार्च

बगळ्या,

हे पत्र आईला दाखवलेलं नाही.

गेलेल्या अहवालाला मागाहून फोटो जोडायचे म्हणून बसले होते. तुला माहीत नसेल, आणखी एक ड्रोन असतो. तो दोन्ही प्रकारच्या दिवशी वर असतो. कोणाच्या कानात काही सांगत नाही, फक्त मोजणीसाठी फोटो काढतो. त्या फोटोंत मी आजवर माणसं बघत आले. काल पहिल्यांदा वाळू बघितली.

ऊन तिरपं होतं, त्यामुळे प्रत्येक पावलाच्या खड्ड्यात सावली साचली आहे. ड्रोन नसलेल्या दिवशी पाण्यापासून वरपर्यंत काळे खड्डे. निळ्या निशाणाच्या दिवशी खड्डेच नाहीत. नुसते ठसे. कोणी चप्पल घालून फिरायला आल्यासारखे.

भरतीची वेळ तपासली. सारखीच. वाळूही तीच, माणसंही तीच. तुझे ठसे तर मी झोपेतही ओळखीन. डावा पाय बाहेर पडतो तुझा, शाळेच्या बुटांची डावी टाच कायम आधी झिजायची. तुझ्या रांगेतली पावलं एका दिवशी घोट्याएवढी खोल आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर नुसती टेकलेली.

पाठीवर काय होतं?

तुझं पत्र उघडतात हे ध्यानात ठेवून उत्तर दे. पण दे.

ताई

—

११ मार्च

ताई,

हे न्हाव्याच्या हाती देतोय. तो दोन दिवस घरी निघालाय, जाताना तुमच्या दारात टाकेल. त्याच्याशी बोलायचं असेल तर उजव्या कानाशी बोल.

तू शोधून काढशील असं वाटलंच नव्हतं. तू माणसं मोजतेस, पावलं कशाला बघशील?

कोठारात जुन्या फाटक्या तरंगत्या जाकिटांचा ढीग आहे, आत हलका फोम. निळं निशाण लागलं की आम्ही बॅगेतली वाळू बोटीतच ओतायचो आणि फोम कोंबायचो. बॅग दिसायला तेवढीच फुगलेली. हवालदाराने बघितलं, आणि नाही बघितलं. कल्पना माझी. "ताईचं क्वार्टर जाईल" म्हटल्यावर पोरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तिघाचौघांच्या घरी तशीच आई आहे.

तूच लिहिलं होतंस, मोघम निकाल आला तर. मी म्हटलं, मग येऊच द्यायचा नाही. मला वाटलं फार तर तुला आणखी चार ड्रोन मिळतील. त्या बोटी खरंच जातील असं मला वाटलं नव्हतं. एका आकड्यावर कोणी एवढं करतं का गं?

आता एवढं सांग. आमचं धावणं वजा केलं तर ड्रोनचा थोडातरी उपयोग उरतोच ना? पोरं विचारताहेत. तसं थेट विचारत नाहीत, पण ड्रोन उडाला की सगळे वर बघतात, आणि मग माझ्याकडे बघतात. तू तेवढं वेगळं काढून सांग. तुला येतं ते.

खऱ्या उतरण्याची तारीख जवळ आली आहे. यावेळी वाळू नसेल, खरं सामान असेल.

बगळ्या

—

१९ मार्च

बगळ्या,

काढलं वेगळं.

आठवतं, पहिले दोन दिवस मी मोजले नव्हते? सरावाचे म्हणून सोडून दिलेले. तुला माझं पत्र मिळायच्या आधीचे. ड्रोन वर होता आणि पाठीवर वाळू होती असे तेवढेच दोन दिवस. फोटो बघितले, खड्डे खोल आहेत. त्या दोन्ही दिवशी भिंतीला टेकले बाराच.

ड्रोन नसताना अकरा, असताना बारा. बोटीमागे एक माणूस. ही त्याची किंमत.

आणि कारण तूच दुसऱ्या पत्रात लिहिलं होतंस, मी ते विनोद म्हणून आईला वाचून दाखवलं. डोकं उजवीकडे गेलेलं असतं, बाकीचा मी मागे. ड्रोन खोटं सांगत नाही. बंदूक कुठे आहे ते बरोबर सांगतो. पण छातीभर पाण्यात ओझं घेतलेल्या माणसाला कळून उपयोग काय? कळेपर्यंत तो तिथेच असतो. त्या बंदुकांना मान खाली घालायला लावतात त्या तोफा. त्या मी काढून टाकल्या.

साहेबांकडे गेले. खोड्यांच्या यादीसारखं सगळं समोर ठेवलं, फक्त तुमची नावं सोडून. त्यांनी फोटो उन्हाकडे धरून नीट बघितले. त्यांना कळलं, बगळ्या. मग ते मला परत देत म्हणाले, "बाई, बोटी दुसऱ्या आघाडीला लागल्या. आकडा आता आपला राहिला नाही, वरच्यांचा झाला. तो चुकला म्हणायचं तर त्यांनी म्हणायचं." मी म्हटलं, माणसं मरतील. ते म्हणाले, "घरी आई आहेत ना तुमच्या? मग घरी जा." किती हळू आवाजात म्हणाले. त्याचीच भीती वाटली.

वर दोन अर्ज केले. पोच आली, उत्तर नाही.

मग जे केलं ते सांगते. लष्करी पोलिसांना लिहून दिलं की चाचणीत फसवणूक झाली आणि ती तू केलीस. सगळ्यांची नावं दिली असती तर नुसती चर्चा झाली असती. एका नावावर अटक होते. हे पत्र पोचेपर्यंत ते तुझ्यापर्यंत आले असतील. चौकशी लागली की माणसाला बोटीत बसवत नाहीत, नियम आहे, मी वाचून खात्री करून घेतली.

बाकीच्यांचं काय, हे मला विचारू नकोस. मी ते स्वतःलाही विचारलेलं नाही. मला त्या बारातला एक पाहिजे होता. मी तो निवडला.

शिव्या दे. बहीण म्हणू नकोस. तुरुंगात वर्षभर माझ्या नावाने बोटं मोड. पण जिवंत राहून मोड.

आई म्हणते पत्र का येत नाही. मी सांगितलं, पावसाळी हवा आहे, थैली उशिरा निघते.

ताई

—

२३ मार्च

ताई,

आले होते. दोघं जण, फार सभ्य. बूट घालू दिले.

धक्क्यावरच्या एका खोलीत ठेवलंय. आधी इथे दोरखंड ठेवायचे, वास तसाच आहे. खिडकी उंच आहे, बाकावर उभं राहिलं की आमची बोट दिसते. पहारेकऱ्याने कागद दिला आणि पेन्सिल. पत्र तोच पोचवणार आहे, उघडणार नाही म्हणाला. मी म्हटलं, उघड की, आमच्या घरचं भांडण काय कोणापासून लपलंय.

राग आला होता. खोटं कशाला बोलू? बाकावर लाथ मारली, अंगठा सुजला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. मी तुझं घर वाचवायला निघालो, तू माझा जीव. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर? पण आपल्या घरात विचारायची पद्धतच नाही. आपण थेट उपकार करून मोकळे होतो.

सकाळी चौकशीवाले साहेब आले. हसरा माणूस. माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिल्यावर लिहिलेलं, बॅगेत फोम होता, कल्पना माझी. दुसऱ्यावर, बॅगा पूर्ण वजनाच्या होत्या, तक्रार गैरसमजातून झाली. मी विचारलं, पहिल्यावर सही केली तर उद्याचं उतरणं थांबेल का? म्हणाले, "छे, ते कसं थांबेल? फक्त तुम्ही इथे थांबाल." मग म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या अहवालावर वर कोणालाच शंका नाही. शंका फक्त त्यांनाच आहे."

मी पहिला कागद ओढला. खरंच ओढला, ताई. तुझ्यासाठी. आणि भीती वाटते म्हणूनही. सही करायच्या आधी एकदा बाकावर चढलो आणि खिडकीतून बोटीकडे नजर गेली. पोरं सामान चढवत होती. माझ्या जागेवर, दाराजवळ डावीकडे, न्हावी उभा होता.

मी पहारेकऱ्याला विचारलं, हा इथे कसा? तर म्हणे, एक माणूस कमी पडला, राखीवातून घेतला. हवालदार त्याला काहीतरी सांगत होता, डाव्या कानाशी. न्हावी मान डोलवत होता. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, माझ्या लक्षात येत होतं, हवालदाराच्या नाही. उद्या तिथे ओरडतील, उजवीकडून चला, आणि तो सरळ जाईल.

तू बारातला एक निवडलास. पण बोट तीसचीच निघते, ताई. एक काढला की एक बसतो. हे तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतं?

दुसऱ्या कागदावर सही केली.

म्हणजे तुझा आकडा खरा ठरला. तुझी तक्रार म्हणजे कामाचा ताण, तसं ते लिहिणार आहेत, तू त्यावर भांडू नकोस. भांडायचंच असेल तर त्या बोटींसाठी भांड. पुढच्या वेळी कोणाला तरी लागतील. तुझा विभाग राहील, क्वार्टर राहील. आईला जिना चढावा लागणार नाही. मी तसं म्हणालोच होतो.

त्यांनी सोडलं, तसा बोटीपाशी जाऊन न्हाव्याला मागे पाठवलं. तो चिडला, कात्री माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाला, आणून दे परत. बॅग भरली आहे. खरी. उचलताना गुडघा वाजला.

तो फोटोवाला ड्रोन उद्याही असेलच ना? काही न सांगणारा. त्याचे फोटो तुझ्याच टेबलावर येतील. भिंतीजवळचे आधी बघू नकोस. पाण्यापासून सुरुवात कर. डावा पाय बाहेर पडलेला, खड्डा खोल, ती रांग माझी. कुठपर्यंत गेली आहे ते तू बघ, दुसऱ्या कोणाला बघू देऊ नकोस. आणि यावेळी पहिल्या दिवसापासून मोज.

बोटीचं दार चढायला उघडलंय. हवालदार नावं पुकारतोय, माझं झालं. पाय पुसलेत, आईला सांग. निघालो.